अमेरिकेतली पल्मनरी-क्रिटिकल केअर फेलोशिप : अर्ज नेमका कुठे अडतो

अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी (आपल्याकडच्या एमडी मेडिसिनसारखं प्रशिक्षण) करणारे आपले बरेच डॉक्टर पुढे फुप्फुसविकार आणि अतिदक्षता या जोडविषयाच्या फेलोशिपला, म्हणजे त्यापुढच्या विशेष प्रशिक्षणाला, अर्ज करतात. गुण चांगले, काम चांगलं, तरी कागदपत्रांत अडकतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं : रेसिडेन्सीला चाललेला कागद इथेही चालेल असं ते गृहीत धरतात.

आधी पात्रता. एसीजीएमई (अमेरिकेतल्या वैद्यकीय प्रशिक्षणाला मान्यता देणारी संस्था) मान्यतेची ३ वर्षांची रेसिडेन्सी, मग ३ वर्षांची फेलोशिप. भारतातून एमडी चेस्ट झालेले विचारतात, थेट फेलोशिप मिळेल का? असाधारण पात्रतेच्या परदेशी डॉक्टरांसाठी नियमांत अपवाद आहे आणि काही जण त्यातून जातातही. पण पल्मनरीची बोर्ड परीक्षा (तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र देणारी) द्यायला आधी इंटर्नल मेडिसिनचं बोर्ड लागतं. अशी जागा स्वीकारण्यापूर्वी बोर्डाला बसता येईल का, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर ३ वर्षं घालवू नका.

तारखांचा घोळ दरवर्षी होतो. ‘जुलै सायकल’ म्हणजे रेसिडेन्सीचं तिसरं वर्ष संपतानाचा जुलै नव्हे, दुसरं वर्ष संपतानाचा. अर्ज जूनमध्ये भरता येतो, जुलैत प्रोग्रामना दिसू लागतो आणि प्रशिक्षण त्यापुढच्या जुलैत सुरू होतं. म्हणून शिफारसपत्रं दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यातच मागायला हवीत. ती नवीनच लागतात, आणि त्यात प्रोग्राम डायरेक्टरांचं पत्र असावंच. दुसरी गोष्ट, इरासवर (अर्ज पाठवायची ऑनलाइन यंत्रणा) अर्ज भरला म्हणजे मॅचमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंचे पसंतीक्रम जुळवून जागा ठरवण्याच्या प्रक्रियेत, नाव गेलं असं होत नाही. मॅच चालवणाऱ्या एनआरएमपी या संस्थेची नोंदणी वेगळी, शुल्क वेगळं. मुलाखती झाल्या पण पसंतीक्रम भरायचा राहिला, तर सगळी मेहनत पाण्यात.

आता सगळ्यात चिवट कागद : स्टेटमेंट ऑफ नीड. जे-१ (प्रशिक्षणासाठीच्या) व्हिसावर असाल तर ‘या विषयाच्या डॉक्टरांची देशाला गरज आहे’ असं सांगणारं हे पत्र दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाकडून लागतं. रेसिडेन्सीच्या वेळचं पत्र इंटर्नल मेडिसिनपुरतं होतं, फेलोशिपसाठी नवं काढावं लागतं. माणूस तोच, व्हिसा तोच, तरी पुन्हा तीच फाइल! याचा मलाही संताप येतो, पण नियम तसा आहे. पत्रातलं विषयाचं नाव नेमणूकपत्राशी जुळलं पाहिजे. एकात ‘पल्मनरी डिसीज अँड क्रिटिकल केअर मेडिसिन’ आणि दुसऱ्यात नुसतं ‘पल्मनॉलॉजी’ असेल, तर पत्र परत फिरू शकतं. मॅचचा निकाल डिसेंबरच्या सुमारास लागतो, त्याच आठवड्यात अर्ज करा. एप्रिलमध्ये जागे झालात तर १ जुलै, म्हणजे रुजू व्हायची तारीख, हुकायची भीती खरी आहे.

नावाचा प्रश्न आपल्याकडच्या मुलींना जास्त छळतो. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, मधलं नाव कुठे वडिलांचं तर कुठे नवऱ्याचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच काढून ठेवा. परदेशात बसून गावच्या नगरपालिकेतून हा कागद मिळवताना घरच्यांची किती धावपळ होते, ते सांगून कळत नाही.

जे-१ची एकूण मर्यादा साधारण ७ वर्षांची. रेसिडेन्सीची ३ आणि फेलोशिपची ३ मिळून ६ होतात. मध्ये चीफ रेसिडेंट (रेसिडेन्सीनंतर इतर रेसिडेंटांचा प्रमुख) म्हणून १ वर्ष केलंत की मर्यादा भरली, मग इंटरव्हेन्शनल पल्मनॉलॉजीचं (दुर्बिणीने फुप्फुसांवर उपचार करण्याचं) जादा वर्ष त्यात बसत नाही. मुदतवाढ फक्त अपवाद म्हणून मिळते. चीफपदाला हो म्हणण्याआधी हे गणित मांडून बघा.

प्रशिक्षणानंतर २ वर्षं मायदेशी राहण्याची अटही असते. इतर जे-१ धारकांसारखं सरकारी ना-हरकत पत्र देऊन डॉक्टरांना ती माफ करून घेता येत नाही. त्यासाठी बहुतेक जण कॉनराड ३० योजनेकडे वळतात : डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात ३ वर्षं काम, आणि प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा. काही राज्यांत त्या लवकर भरतात, त्यामुळे फेलोशिपचं शेवटचं वर्ष लागण्याआधीच नोकरीचा शोध सुरू करा.