पैठणी: मोल जरीचं की विणीचं?

लग्नाचा बस्ता बांधताना इतर साड्यांवर तासन्‌तास घासाघीस करणारं मराठी घर एका पैठणीसाठी मात्र हात सैल सोडतं. उधळपट्टीला नावं ठेवणाऱ्या आपल्या घरांत ही एवढी चैन कशी चालते?

गोदाकाठचं पैठण ही सातवाहनांची राजधानी. भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवरचं गाव म्हणून पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी वर्णनातही त्याची नोंद आहे. माधवराव पेशव्यांच्या पत्रव्यवहारात लाल, हिरव्या, केशरी, डाळिंबी रंगांच्या असावली, म्हणजे फुलवेलीच्या नक्षीच्या, दुपट्ट्यांची मागणी सापडते. पुढे निजामाच्या घराण्यातल्या निलोफर बेगमने पैठणीत नवी नक्षी आणली. इकडे येवल्याची पेठ रघोजी नाईकांनी रेशमाचे व्यापारी आणि विणकर आणून वसवली.

त्या काळची जर चांदीची, वर सोन्याचा मुलामा. त्यामुळे पैठणी हा पेटीत जपलेला दागिनाच असे, आणि दागिन्यासारखीच ती मोडताही येई. जीर्ण पैठण्या जाळून त्यातली चांदी काढून घेत. अडीअडचणीला पैसा उभा राहायचा, म्हणून ही खरेदी चैन वाटतच नसे. पण त्या आगीत हाती लागली ती फक्त चांदी. मोर, मुनिया (पोपटाची नक्षी), अजिंठ्याचं कमळ विणणाऱ्या बोटांचं काम राख झालं, याची मला फार हळहळ वाटते.

आज जर बहुतेक सुरतेची, सोनं-चांदी त्यात नावापुरती. किंमत आहे ती विणीची. पदरात प्रत्येक रंगाला वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, लागते. ताण्याचे (उभे) मोजके धागे बोटांनी उचलायचे, तिल्ली सरकवायची, शेजारच्या रंगात अडकवायची, मग फणी ठोकायची. भरगच्च पदराला महिनेच्या महिने जातात. असा पदर उलटून पाहिला तर मागेही मोर जवळजवळ तितकाच स्वच्छ दिसतो. यंत्रमागाच्या नकलेत पाठीला सुट्या धाग्यांचं जाळं असतं.

2010 साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, टीव्हीवरच्या खेळांत वहिनींना ती बक्षीस मिळू लागली, मागणी वाढली. दुकानात गादीवर बसलेलं गिऱ्हाईक अजूनही आधी विचारतं, ‘जर खरी आहे ना?’ पदराला किती दिवस लागले, हे विचारणारं विरळाच. येवल्यात पुष्कळदा माग तिथेच, मागच्या खोलीत चालू असतो.