एच की एक्स? हॉट रॉडच्या पोटाखालची जोडणी

व्ही-एट इंजिनाच्या (चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा) दोन बाजूंनी दोन एक्झॉस्ट पाइप निघतात, गाडीच्या पोटाखालून मागे जातात आणि वाटेत कुठेतरी एकमेकांना भेटतात. समांतर पाइपांच्या मध्ये एक आडवा तुकडा जोडला की झाला एच. दोन्ही पाइप वाकवून एकमेकांना भिडवले आणि पुढे पुन्हा वेगळे केले की एक्स. दोघांनाही सरसकट ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात, दोघांबद्दलही ‘आवाज सुधारतो, ताकद वाढते’ असं सांगतात. त्यामुळे घरी किट कार (सुट्या भागांच्या संचातून जोडलेली गाडी) बांधणाऱ्या अनेकांना वाटतं की एक्स म्हणजे एचचीच महागडी, सुधारलेली आवृत्ती. पण दोघांचं काम वेगळं आहे. एचमधून मुख्यतः दाब इकडून तिकडे जातो. एक्समध्ये खुद्द गॅस एकत्र येतो.

मुळात ही भेट घडवायची कशाला, हे कागद-पेन्सिल घेऊन पाहिलेलं बरं. शेवर्लेचं 1955 पासूनचं स्मॉल ब्लॉक व्ही-एट इंजिन घ्या, हॉट रॉडमध्ये (वेगासाठी नव्याने बांधलेल्या जुन्या धाटणीच्या गाड्यांमध्ये) सगळ्यात जास्त दिसणारं. त्याचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-8-4-3-6-5-7-2. विषम आकड्यांचे सिलिंडर डाव्या बाजूला, सम आकड्यांचे उजव्या. आता आकड्यांऐवजी बाजू लिहा: डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा. क्रँकशाफ्टच्या दर 90 अंशांना एक स्फोट, म्हणजे इंजिन म्हणून सगळं एकसारखं. पण फक्त डाव्या पाइपच्या तोंडाशी कान लावलात, तर धक्क्यांमधली अंतरं निघतात 270, 180, 90, 180. 5 आणि 7 हे शेजारी एकापाठोपाठ एक येऊन आदळतात, आणि पुढे 1 नंतर 3 येईपर्यंत बराच वेळ शांतता. उजवीकडे हाच प्रकार 8 आणि 4 करतात. अमेरिकन व्ही-एटची ती घोडदौडीसारखी अडखळती गडगड इथून येते.

याच कागदावर आणखी एक गोष्ट दिसते. डाव्या पाइपमध्ये 5 आणि 7 ची गर्दी होते, नेमकी तेव्हा उजव्या पाइपची 6 पासून 2 पर्यंतची 270 अंशांची सुट्टी चालू असते. एक पाइप तुंबलेला, शेजारचा रिकामा. क्रॉसओव्हर या दोघांमध्ये दार उघडतो. (फ्लॅट-प्लेन क्रँकच्या, म्हणजे क्रँकशाफ्टचे सगळे हात एकाच प्रतलात असलेल्या, व्ही-एटमध्ये दोन्ही बाजूंना धक्के आधीच समान अंतराने येतात. तिथे या दाराला एवढं काम उरत नाही.)

आता हे दार कसलं असावं?

एक्झॉस्टमध्ये एकाच वेळी दोन गोष्टी धावत असतात. एक दाबाची लाट. गरम गॅसमध्ये ती सेकंदाला साडेपाचशे-सहाशे मीटरच्या घरात जाते. दुसरा प्रत्यक्ष गॅस, आणि तो लाटेच्या मानाने फारच सावकाश सरकतो. एचचा आडवा पाइप मुख्य पाइपला काटकोनात असतो. सरळ धावणारा गॅस असा अचानक वळून आडव्या गल्लीत शिरत नाही, थोडाफार सांडतो इतकंच. लाट मात्र शिरते, कारण तिला वळणाचं फारसं वावडं नाही. तुंबलेल्या बाजूचा दाब क्षणभर पलीकडे पसरतो आणि उतरतो. म्हणून एचला ‘बॅलन्स पाइप’ हे जुनं नाव जास्त शोभतं.

एक्समध्ये दोन प्रवाह लहान कोनात एकमेकांत मिसळतात, पुढे दोन वाटांमध्ये विभागले जातात. डावीकडून जोरात आलेला झोत मधल्या जागेतून जाताना उजवीकडचा गॅस थोडा ओढून घेतो. पुढच्या क्षणी उजवीकडचा झोत तेच करतो. हे चालावं म्हणून कोन लहान हवा आणि आतली कड गुळगुळीत हवी. दोन पाइप मध्ये चिरून, भोकं जुळवून, वरून वेल्ड ओढलेला घरगुती एक्स आतून पाहिला तर बहुतेक वेळा त्यात वेल्डचे थेंब लोंबत असतात. असा एक्स बसवण्यापेक्षा साधा एच परवडला.

ताकदीचं म्हणाल, तर वरच्या आरपीएमला एक्सचं पारडं थोडं जड असतं, खालच्या आणि मधल्या आरपीएमला दोघांत निवडण्यासारखं फार नसतं. सीटवर बसलेल्या माणसाला कळेल इतका फरक रस्त्यावरच्या गाडीत क्वचितच पडतो. पाइपचा व्यास, हेडरची (सिलिंडरमधून गॅस बाहेर आणणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याची) नळी आणि सायलेन्सर यांनी त्याहून जास्त फरक पडतो. तीन-साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या 350 (घन इंची) इंजिनाला 1 5/8 इंची हेडर आणि अडीच इंची दोन पाइप ठीक बसतात. तीन इंची पाइप घालून वर एक्स घेणाऱ्याने पैसे चुकीच्या जागी घातले, असं माझं मत.

खरा फरक कानाला कळतो. एचमध्ये ती अडखळती लय राहते, फक्त तिच्या कडा बोथट होतात. आवाज खर्जात राहतो. एक्समध्ये दोन्ही बाजूंचे धक्के मिसळल्यामुळे प्रत्येक शेपटीतून चार वेड्यावाकड्या धक्क्यांऐवजी जवळपास सगळ्या आठांचा एकसारखा सूर निघतो. तो वरच्या पट्टीतला, घट्ट, आणि आरपीएम चढले की किंचाळण्याकडे झुकणारा. कुणाला हा रेसिंगचा आवाज हवा असतो. मला जुन्या धाटणीच्या गाडीतून तो ऐकला की परका वाटतो, पण हा आवडीचा भाग.

आता जागेकडे येऊ. बहुतेकांचा निर्णय खरं तर इथेच होतो. हॉट रॉडची रीत कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक आणि एल मिराज अशा सुकलेल्या तळ्यांवर घडली. तिथल्या शर्यती चालवणारी एससीटीए 1937 साली स्थापन झाली. त्या काळातून आलेले ‘लेक्स पाइप’ दोन्ही बाजूंनी चॅसीच्या बाहेरूनच जातात. तुमची किट टी-बकेट (फोर्ड मॉडेल टीच्या धाटणीची उघडी गाडी) असेल आणि पाइप असे बाहेरून जाणार असतील, तर एच-एक्सचा वाद विसरा. ते दोन पाइप कधी भेटणारच नाहीत, आणि ओढूनताणून भेटवू नका.

1932 च्या फोर्डची नक्कल असलेल्या चॅसीत मात्र पाइप आतून जातात. तिथे मध्यभागी गिअरबॉक्सची शेपूट, तिचा क्रॉसमेंबर, मग ड्राइव्ह शाफ्ट, आणि या सगळ्यावर फायबरग्लासची फरशी. एक्सला दोन्ही पाइप मध्यरेषेशी आणावे लागतात, आणि वळणं धरून फूट-दीड फूट लांबीची मोकळी जागा लागते. ती बहुधा गिअरबॉक्सच्या खालीच मिळते. म्हणजे आधीच जमिनीला टेकत आलेल्या गाडीत सगळ्यात खाली लटकणारी वस्तू हा एक्सच ठरतो. एचला एकच आडवा तुकडा ड्राइव्ह शाफ्टखालून न्यायचा असतो. जागा नसेल तर तो हातभर पुढेमागेही करता येतो. फायबरग्लासजवळून काहीही नेताना मध्ये हवेची फट आणि उष्णतारोधक पत्रा हवाच. रेझिन तापून मऊ पडलं की फरशीवर फुगे येतात.

माझा पहिला एक्स मी हौसेने एकसंध वेल्ड केला, हेडरपासून सायलेन्सरपर्यंत. दिसायला छान होता. वर्षभराने क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की गिअरबॉक्स खाली येण्याच्या वाटेत हा आडवा. शेवटी पाठीवर झोपून, तोंडावर ठिणग्या घेत ग्राइंडरने कापला. एक्स घालायचाच असेल तर त्याच्या चारही टोकांना व्ही-बँड क्लॅम्प (सोडवता येणारे पट्टे) लावा. एचच्या आडव्या तुकड्याच्या मध्ये दोन बोल्टचा फ्लँज ठेवला की डावी-उजवी बाजू वेगवेगळी उतरते.

स्टेनलेस वापरत असाल तर आणखी एक. 304 ग्रेडचा एक मीटर पाइप 400 अंश तापला तर साधारण 7 मिलिमीटर वाढतो, साधं पोलाद 5 च्या आसपास. दोन्ही बाजू एक्सने घट्ट बांधल्या आणि पाइप चॅसीला पक्के आवळले, तर ही वाढ वेल्डवर निघते आणि तडे जातात. रबरी हँगर आणि दोन्ही बाजूंना एकेक लवचीक तुकडा एवढ्याने काम भागतं.

फ्युएल इंजेक्शन असेल तर ऑक्सिजन सेन्सर क्रॉसओव्हरच्या आधी, हेडरच्या कलेक्टरजवळ (जिथे त्याच्या नळ्या एकत्र येतात). नंतर लावलात तर दोन्ही बाजूंचं मिश्र वाचन मिळेल आणि कुठली बाजू लीन (इंधन कमी, हवा जास्त) चालते आहे ते कळणार नाही. सेन्सर आडवा न ठेवता किमान 10 अंश वर तिरका बसवा, आत पाणी साचायला नको.

एच कुठे टाकायचा यासाठी जुन्या मंडळींची युक्ती आजही चालते. दोन्ही सरळ पाइपांवर हेडरपासून मागे साध्या रंगाचा एक पट्टा मारायचा, इंजिन भारावर दमात चालवायचं आणि रंग कुठपर्यंत जळला ते पाहायचं. जळण्याची रेघ जिथे संपते, त्याच्या आसपास आडवा पाइप. त्याचा व्यास मुख्य पाइपइतका किंवा जेमतेम एक माप लहान. आधी फक्त टॅक (वेल्डचे छोटे टिपके) मारा. मग गाडी जॅकवरून उतरवून चाकांवर उभी करा, कुणालातरी थ्रॉटल मारायला सांगा आणि इंजिन माउंटवर कलताना पाइप चॅसीला शिवतो का ते खाली टॉर्च धरून पाहा. बोटभर फट राहिली तर पूर्ण वेल्ड ओढा.