एकविसावं लागलं म्हणजे एकवीस पूर्ण नव्हे : मुलं, तरुण आणि बंदुकीचा परवाना

तेरावं झालं की घरात कागद निघतात. सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक, आणि आमच्या कोकणात अजूनही बऱ्याच घरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पुस्तक : शेतीसंरक्षण बंदुकीचा परवाना. तालुक्याच्या ठिकाणी अर्ज लिहून देण्याचं काम मी करतो, त्यामुळे ती पिशवी माझ्या टेबलावर अनेकदा उघडली गेली आहे. परवा आलेल्या बाईंबरोबर त्यांचा मुलगा होता. आजोबा गेले, मुलाचे वडील मुंबईला नोकरीत, माड-पोफळी आणि भातशेती बघणारा हा एकटा. रानडुक्कर रात्री येऊन वाफे उकरून जातं. "बंदूक ह्याच्या नावावर करा. एकविसावं लागलंय त्याला," बाई म्हणाल्या.

सगळा घोटाळा त्या 'लागलंय'मध्ये आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ९ म्हणतं की ज्याने वयाची २१ वर्षं पूर्ण केलेली नाहीत, त्याने बंदूक किंवा दारूगोळा मिळवायचा नाही, ताब्यात ठेवायचा नाही आणि बरोबर न्यायचाही नाही. मुलाला एकविसावं लागलं होतं, म्हणजे त्याची वीस पूर्ण होती. अजून आठ महिने बाकी.

वयाची ही अट आधी १६ होती. १९८३ च्या दुरुस्तीने ती २१ केली. तरीही लोकांच्या डोक्यात १८ पक्कं बसलं आहे, कारण मतदान अठराला, चारचाकीचं लायसन अठराला, जमिनीचा व्यवहार अठराला. बंदुकीला अठराचा काही उपयोग नाही. उलट अठरा ते एकवीस हाच काळ सगळ्यात अडचणीचा. १८ च्या आतला मुलगा बंदुकीसकट सापडला तर बाल न्याय अधिनियम २०१५ लागतो आणि प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं. एकोणीस वर्षांच्या मुलाला तो आडोसा नाही आणि परवानाही मिळत नाही. त्याचं प्रकरण नेहमीच्या कोर्टात चालतं. विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं कैद, शिवाय दंड. आणि एखाद्या मोठ्या माणसाने अल्पवयीन पोराच्या हाती कट्टा देऊन त्याला कामाला लावलं, तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ खाली त्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे.

बाईंचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. मुलगा लहान असला तर आईच्या नावाने लागेल ना? सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावाखाली अ.पा.क. म्हणून, म्हणजे पालक म्हणून, आईचं नाव लागतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बंदुकीला अ.पा.क. नाही. परवाना ज्याच्या नावाचा, बंदूक त्याची आणि जबाबदारीही त्याचीच. आईला हवा असेल तर आईने स्वतःसाठी अर्ज करावा, तिची पात्रता तपासली जाईल. मुलासाठी म्हणून तिच्या नावावर घ्यायची आणि वापरायची मुलाने, हा मार्ग कायद्यात नाही.

एक बारकावा फार कमी जणांना ठाऊक असतो. कलम ३ मध्ये एक सवलत आहे : परवानाधारकाने लेखी चिठ्ठी दिली तर दुसरा माणूस स्वतःचा परवाना नसतानाही ती बंदूक दुरुस्तीला किंवा परवाना नूतनीकरणासाठी घेऊन जाऊ शकतो. आजोबांना गुडघ्यामुळे एसटी चढवत नाही, म्हणून नातवाच्या हाती बंदूक आणि चिठ्ठी देऊन पाठवायचं, असं सर्रास चालतं. नातू पंचवीसचा असेल तर ठीक. एकोणीसचा असेल तर ती चिठ्ठी कामाची नाही, कारण कलम ९ ची सुरुवातच 'आधी काहीही म्हटलेलं असलं तरी' अशी आहे, आणि त्यात 'बरोबर नेणं'ही आलं. नुसती काडतुसं आणायला पाठवलं तरी तेच. दुकानदारालाही हे बंधन आहे : समोरचा २१ च्या आतला आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला जागा असताना, त्याला बंदूक-काडतुसं विकायची नाहीत, त्याच्यासाठी दुरुस्तही करायची नाहीत.

मग नेमबाजीत लहान पोरं पदकं कशी आणतात?

हा प्रश्न मला एका शाळामास्तरांनी विचारला होता आणि तो रास्त आहे. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत हरियाणाच्या अनिश भानवालाने २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं, तेव्हा तो १५ वर्षांचा होता. हा प्रकार छर्र्यांचा, म्हणजे हवेच्या बंदुकीचा नाही, पॉइंट टू-टू (०.२२ इंच) काडतुसाचा आहे. म्हणजे खरं अग्निशस्त्र.

वाट कलम ९ च्याच पोटकलम २ मध्ये आहे. नियमाने ठरवलेलं वय गाठलेल्या मुलाला प्रशिक्षणापुरती, ठरलेल्या अटींवर बंदूक चालवता येते. हे वय १२. बारा ते एकवीसच्या मधल्या मुलाने सराव करायचा तो प्रौढ प्रशिक्षकाच्या किंवा परवानाधारकाच्या नजरेसमोर, त्याच्या थेट देखरेखीखाली. सार्वजनिक जागेतून बंदूक नेतानाही तो कायदेशीर धारक शेजारी हवा. मुलगा सराव संपवून पिस्तूल दप्तरात टाकून रिक्षाने एकटा घरी, असं चालत नाही. नावाजलेले नेमबाज आणि कनिष्ठ गटातले खेळाडू यांना शस्त्रांच्या संख्येबाबत केंद्राने वेगळ्या सवलती दिल्या आहेत, पण त्या खेळातल्या कामगिरीवर मिळतात. क्लबात नाव घातलं म्हणून नाही.

ज्यांना मुलाला नेमबाजीत घालायचं आहे त्यांनी परवान्याच्या मागे लागूच नये. सुरुवात १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूलने होते. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. खरेदी आईवडिलांनी करावी, ओळखपत्र द्यावं, पावती आपल्या नावाची घ्यावी आणि ती जपून ठेवावी, कारण रस्त्यात पोलिसांनी अडवलं तर पहिल्यांदा तीच मागतात. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला तेव्हा १८ वर्षांचा होता. साध्या शेतीसंरक्षण परवान्याचा अर्जसुद्धा त्याला तेव्हा भरता आला नसता! मुंबईत वरळीची रेंज आणि पुण्यात बालेवाडी ही ओळखीची ठिकाणं. कोल्हापूरने तर तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे इतके नेमबाज दिले की तिथे वेगळं सांगायला नको. एनसीसीच्या कॅडेटना त्यांच्या कामापुरती कायद्यातच सूट आहे. कॅम्पमध्ये पॉइंट टू-टू चालवून आलेल्या मुलाने घरी येऊन काकाच्या बारा बोअर बंदुकीला हात लावला, तर ती सूट लागू नाही, एवढं मात्र त्याला सांगून ठेवावं.

आणि हो, छर्र्याची बंदूक परवान्याशिवाय मिळते म्हणून पारवे-होले टिपायला निघायचं नसतं. त्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आहे.

तलवारीचं थोडक्यात. कलम ९ ची २१ ची अट अग्निशस्त्रांपुरती आहे, पण घरकामाची, शेतीची आणि धंद्याची अवजारं सोडली तर नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रांच्या यादीत येतंच. चौकात मित्राच्या वाढदिवसाचा केक तलवारीने कापायचा, रील टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी बापाने पोलीस ठाण्याच्या बाकावर बसायचं, हा प्रकार महाराष्ट्रात आता नवा राहिलेला नाही. ऑनलाइन मिळाली म्हणजे कायदेशीर झाली, असा समज असतो. तो काढून टाकावा.

एकवीस पूर्ण झाल्यावर

अर्ज 'ए-१' नमुन्यात, केंद्राच्या एनडीएएल-एलिस या पोर्टलवर भरायचा. परवाना देणारा अधिकारी जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले कलेक्टर. जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे पोलीस आयुक्त. परवाना मंजूर झाला की त्यावर एक युनिक नंबर पडतो. पुढे आयुष्यभर तोच.

कागदांत पहिला मान जन्मतारखेच्या पुराव्याला. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. दोन्हींत वेगळ्या तारखा असतील तर आधी त्या एक करून घ्या, नाहीतर फाइल तिथेच थांबते. मग ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, शस्त्रसुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, बंदूक सुरक्षित ठेवीन असं हमीपत्र, आणि डॉक्टरांचं शारीरिक-मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र. शेतीसंरक्षणासाठी मागत असाल तर सातबारा आणि आठ-अ जोडा, नुकसानीचे पंचनामे असतील तर तेही. ते पंचनामे लोक करूनच घेत नाहीत आणि मग 'गरज काय' या रकान्यात लिहायला काही नसतं. वन खात्याकडे भरपाईसाठी केलेला जुना अर्जसुद्धा इथे उपयोगी पडतो.

पुढे ठाण्यातून चौकशी अहवाल जातो. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर ती भोगून झाल्यावर पाच वर्षं दार बंद. तुमच्याकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावर मात्र नाकारता येत नाही. कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. नाकारलं तर कारण लेखी नोंदवावं लागतं. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. मिळालेला परवाना पाच वर्षं चालतो, आधी तीन होती. एका माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात.

आजोबांच्या बंदुकीचं काय झालं

परवानाधारक वारला त्या क्षणी घरातली बंदूक कोणाच्याच परवान्यावर राहत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. निवडणुकीत जमा करतो तशीच, फक्त या वेळी परत मिळेल ती नव्या परवान्यावर. मी बाईंना विचारलं, बंदूक कुठे आहे? माळ्यावर, म्हणाल्या. दोन महिने झाले होते. अर्ज बाजूला ठेवून आधी जमा करायला लावली. ती मुलाने उचलायची नव्हती, म्हणून पोलीस पाटलांना बोलावलं, त्यांनी ठाण्याला कळवलं आणि पुढचं रीतसर झालं. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि ठासणीची की काडतुसाची, हे जागच्या जागी तपासून घ्यावं. परवान्यावरचा आकडा आणि नळीवरचा आकडा जुळला नाही, की परत घेताना तुमचा जीव जातो.

वारस म्हणून अर्ज केला तो मुंबईच्या वडिलांनी : मृत्यूचा दाखला, आजोबांचा मूळ परवाना, जमा पावती, आणि आत्या-काकांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं. आजोबा हयात असतानाच हे सोपं झालं असतं, कारण परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, की त्याला जिवंतपणीच ती वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो. आजोबा ब्याऐंशीचे होते.

मुलाने मात्र त्या दिवशी अर्ज भरला नाही. भरला असता तर वयावर फेटाळला गेला असता, आणि अशा आदेशावर अपिलात जाऊनही काही हाती लागत नाही. सुरक्षा प्रशिक्षण कुठे मिळतं ते विचारून तो गेला.