बाटलीतली काळी माती

सोलापुरात खरा पाऊस सप्टेंबरचा. गेल्या सप्टेंबरात विजापूर रोडला आमच्या शेजारी पायाचं खोदकाम चाललं होतं आणि एकाच सरीत मातीचा निम्मा ढीग गटारात गेला. ते पाणी मी बाटलीत भरून खिडकीत ठेवलं.

वाळू दहा सेकंदांत तळाला. पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक गाळ, संध्याकाळपर्यंत. उरलेलं पाणी तिसऱ्या दिवशीही चहाच्या रंगाचं!

कण दहापट बारीक झाला की बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो. २ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणाला स्थिर पाण्यात १ मीटर खाली यायला तीन दिवस लागतात. आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट या चिकण खनिजाचे पापुद्रे बहुतेक याहूनही बारीक. शिवाय सगळ्यांवर ऋणभार, त्यामुळे ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. रब्बीच्या ज्वारीसाठी ओल धरून ठेवतात तेही हेच पापुद्रे. म्हणून साइटवर नुसता खड्डा काढून पाणी अडवलं तर वाळू अडते, गढूळपणा नाल्यातून थेट सीना नदीकडे जातो.

यावरचा उपाय आजीच्या माठातला. तुरटीतलं ॲल्युमिनियम धनभाराचं. ते ऋणभार मारतं, आणि कण चिकटून कापसासारखे पुंजके होतात. बाटलीत तुरटीचा खडा चार वेळा फिरवला, अर्ध्या तासात वरचं पाणी नितळ. मोठ्या साइटवर हेच टाकीत, मोजून करतात. (त्याआधी ढिगावर ताडपत्री टाकली असती तर निम्मं काम वाचलं असतं, पण ताडपत्री सिमेंटच्या गोण्यांवर होती.)

नितळ पाणी पाहून हुरळू नये, हे मला काँक्रीटचा मिक्सर धुतलेल्या पाण्यानं शिकवलं. त्यातली राड खाली बसली की वरचं पाणी काचेसारखं दिसतं. पण सिमेंटमधल्या चुन्यामुळे त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, शुद्ध पाण्याचा ७) १२ च्या आसपास असतो. मासे आणि माणसाची कातडी, दोन्हींना ते घातक. तुरटीनं ते सुधारत नाही. इतक्या अल्कलीत ॲल्युमिनियमच विरघळून जातं. असं पाणी मातीच्या पाण्यापासून वेगळं धरतात आणि त्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात.

घरी पाहायचं तर हळद पुरते. त्या पाण्यात चिमूटभर टाकली, लालभडक झाली. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तीच ही क्रिया. मग टपरीवरच्या सोड्याची बाटली आणून (त्यातला वायू म्हणजे हाच कार्बन डायऑक्साइड) थोडी थोडी ओतली. आधी पाणी दुधासारखं गढूळ झालं, मग लाली उतरत उतरत हळद पुन्हा पिवळी झाली.