लष्करातून ‘ऑनरेबल’ नसलेला डिस्चार्ज आणि मेडिकल स्कूलचा अर्ज : उमेदवार आणि घरच्यांसाठी माहितीपत्रक

अमेरिकी सैन्यातून बाहेर पडताना ज्यांच्या कागदावर ‘ऑनरेबल’ (सन्मानपूर्वक) असा शेरा नाही आणि ज्यांना आता डॉक्टर व्हायचे आहे, अशा उमेदवारांसाठी हे पत्रक आहे. ते मराठीत काढण्याचे कारण म्हणजे आमच्याकडे सल्ल्यासाठी उमेदवाराबरोबर बहुतेक वेळा आई-वडील येतात, आणि त्यांच्या मनातला पहिला प्रश्न अर्जाचा नसतो. ‘आता सगळंच संपलं का?’ असे त्यांना विचारायचे असते.

संपलेले नाही. असा डिस्चार्ज (सेवामुक्ती) मिळालेल्याने मेडिकल स्कूलला अर्ज करू नये असा कोणताही देशव्यापी नियम अमेरिकेत नाही. निर्णय प्रत्येक कॉलेजची प्रवेश समिती घेते. समितीला काय घडले हे जसे पाहायचे असते, तसेच उमेदवार त्याबद्दल खरे बोलतो का, हेही पाहायचे असते. पहिली गोष्ट आता बदलता येत नाही. दुसरी पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि आमच्या मते सगळा अर्ज तिच्यावरच उभा राहतो.

आधी कागद समोर ठेवा

सेवा संपल्यावर मिळणारा कागद म्हणजे डीडी-२१४. त्याच्या छोट्या प्रतीत डिस्चार्जचा प्रकार आणि कारण नसते, म्हणून ‘मेंबर-४’ ही पूर्ण प्रत काढा. तिच्यात २४ क्रमांकाच्या रकान्यात सेवेचा शेरा असतो, २६ मध्ये सेपरेशन कोड (सेवामुक्तीचा सांकेतिक क्रमांक), २७ मध्ये पुन्हा भरतीचा कोड आणि २८ मध्ये कारण. हे चारही रकाने वाचल्याशिवाय आम्ही कुणालाही सल्ला देत नाही. ‘साधारण असं असं झालं होतं’ या आठवणीवर अर्ज भरू नका. प्रत हरवली असेल तर सेंट लुइस येथील राष्ट्रीय अभिलेख केंद्राकडून ती मागवता येते.

शेऱ्यांचे प्रकार नीट समजून घ्या, कारण सगळे एका मापाचे नाहीत. ‘ऑनरेबल’च्या खाली ‘जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स’ येतो. त्याखाली ‘अदर दॅन ऑनरेबल’. हे तिन्ही प्रशासकीय आहेत, म्हणजे ते कोर्टाच्या शिक्षेतून आलेले नसतात. ‘बॅड कंडक्ट’ आणि ‘डिसऑनरेबल’ हे दोन मात्र कोर्ट-मार्शलमध्ये, म्हणजे लष्करी न्यायालयात, दोषी ठरल्यावरच मिळतात, आणि ‘डिसऑनरेबल’ फक्त जनरल कोर्ट-मार्शल (सर्वांत वरचे लष्करी न्यायालय) देऊ शकते. प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच बाहेर पडलेल्यांना अनेकदा कोणताच शेरा मिळत नाही. त्याला ‘अनकॅरॅक्टराइज्ड’ म्हणतात, आणि तो डाग नव्हे. घरात मात्र हे सगळे ‘डिसऑनरेबल’ या एकाच शब्दाखाली जमा होते आणि मुलाने कधीच न केलेल्या गुन्ह्याची सावली त्याच्यावर पडते. आई-वडिलांनी निदान एवढे तरी नेमके जाणून घ्यावे, ही कळकळीची विनंती.

सर्वांत जास्त गोंधळ ‘जनरल’बद्दल होतो. त्याच्या नावातच ‘अंडर ऑनरेबल कंडिशन्स’ असल्यामुळे उमेदवार अर्जात बेधडक ‘ऑनरेबल’ निवडतो. ते चूक आहे. हे दोन वेगळे शेरे आहेत, आणि चुकीचा पर्याय निवडला तर निष्काळजीपणा खोटेपणासारखा दिसतो.

अर्जात काय विचारले जाते

एमडी ही डॉक्टरकीची पदवी देणाऱ्या कॉलेजांचा सामाईक अर्ज म्हणजे अ‍ॅमकॅस. तो एएएमसी ही मेडिकल कॉलेजांची संघटना चालवते. त्यात लष्करी सेवेबद्दल विचारतात, आणि डिस्चार्ज ऑनरेबल नसेल तर खुलासा मागतात. डीओ (ऑस्टिओपॅथी शाखेची डॉक्टरकीची पदवी) देणाऱ्या कॉलेजांचा अर्ज वेगळा असतो, टेक्सासमधील बहुतेक सरकारी कॉलेजांचाही वेगळा. प्रश्नांचे शब्द दर वर्षी बदलू शकतात. म्हणून त्या वर्षीचा प्रश्न शब्दशः वाचा आणि जेवढे विचारले आहे त्याचे पूर्ण उत्तर द्या.

कोर्ट-मार्शल झाले असेल तर गुन्ह्याच्या प्रश्नाचे उत्तरही त्यावर अवलंबून राहते. ते गंभीर गुन्ह्याच्या रकान्यात लिहायचे की किरकोळ, हे वकीलच ठरवू शकतो. आम्ही वकील नाही आणि त्याबाबत अंदाज बांधणार नाही.

लपवून चालेल का, असे अनेक जण हळूच विचारतात. चालणार नाही. प्रवेश मिळाल्यावर कॉलेजे पार्श्वभूमी तपासतात. अर्जातील माहितीत विसंगती आढळली तर एएएमसी चौकशी करते आणि तिचा अहवाल कॉलेजांना जातो. पुढे रेसिडेन्सी (पदवीनंतरचे हॉस्पिटलमधले प्रशिक्षण) आहे, हॉस्पिटलची नेमणूक आहे, राज्याच्या मेडिकल बोर्डाचा परवाना आहे, आणि अनेक राज्यांचे बोर्ड लष्करातील शिस्तभंगाबद्दल विचारतात. चार वर्षे आणि लाखो डॉलर खर्चून झाल्यावर हे उघड होणे म्हणजे काय, याचा घरच्यांनी शांतपणे विचार करावा. ‘मग कॅरिबियनला किंवा भारतात पाठवू’ हाही उपाय नाही. अमेरिकेत परत येऊन काम करायचे असेल तर तेच बोर्ड तोच प्रश्न विचारते.

खुलासा कसा लिहावा

यासाठी जागा थोडी मिळते, आणि ते चांगलेच आहे. काय घडले, केव्हा, त्यात माझा वाटा किती, परिणाम काय झाला आणि त्यानंतर मी काय केले, एवढेच त्यात बसले पाहिजे. पहिल्या दोन वाक्यांत घटना यायला हवी. वरिष्ठ कसे पक्षपाती होते याने सुरुवात केली तर वाचणारा पुढचे सगळे संशयाने वाचतो. अन्याय खरोखर झाला असेल तर तो मांडायची जागा वेगळी आहे, त्याबद्दल पुढे सांगितले आहे.

एक काल्पनिक नमुना घ्या. ‘युनिटच्या तपासणीत माझ्या लघवीच्या नमुन्यात गांजाचा अंश सापडला. मी सुट्टीवर असताना तो ओढला होता. लष्करी नियमाने ते निषिद्ध आहे हे मला माहीत होते. मला जनरल डिस्चार्ज मिळाला. त्यानंतर मी समुपदेशन घेतले, आणि गेली तीन वर्षे रुग्णवाहिकेवर ईएमटी (तातडीचे उपचार देणारा कर्मचारी) म्हणून काम करतो आहे. तिथे आमची अचानक तपासणी होते.’ अर्ज इंग्रजीत जाईल, पण आशय आणि सूर एवढा साधा असावा. न्यू जर्सीत आता गांजा कायदेशीर आहे, हे वाक्य कृपा करून घालू नका. सैनिकाला राज्याचा कायदा नव्हे तर लष्करी कायदा लागू होता, आणि डॉक्टरलाही औषधांबाबतचे केंद्रीय नियम पाळावे लागतात.

कोविडची लस नाकारल्यामुळे बाहेर पडलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. २०२१ च्या लस-आदेशानंतर आठ हजारांहून अधिक सैनिकांना सेवेतून काढले गेले. केवळ त्या कारणासाठी ऑनरेबल किंवा जनरल यापेक्षा खालचा शेरा देऊ नये, असे अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) कायद्याने ठरवले होते. आदेश जानेवारी २०२३ मध्ये मागे घेतला गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये अशा सैनिकांना परत घेण्याचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला. तरीही मुलाखतीत प्रश्न येणारच, कारण मेडिकलच्या विद्यार्थ्याला हॉस्पिटलमध्ये पाऊल टाकण्याआधी हिपॅटायटिस-बी, गोवर वगैरे लसी पूर्ण कराव्या लागतात. तेव्हा तुमचे मत काहीही असो, रुग्णांच्या सुरक्षेसाठी हे नियम पाळणार का, याचे सरळ उत्तर तयार ठेवा.

आता मुख्य निबंधाबद्दल. अ‍ॅमकॅसचा पर्सनल स्टेटमेंट ५,३०० अक्षरांचा असतो. डिस्चार्ज त्याचा विषय करू नका, असे आमचे ठाम मत आहे. त्या निबंधात तुम्हाला डॉक्टर का व्हायचे आहे हे यायला हवे. घटनेने तुम्हाला वैद्यकाकडे खरोखर आणले असेल, तर एखाद्या परिच्छेदात ती यावी, त्याहून जास्त नाही. खुलाशाच्या रकान्यात चूक सांगा आणि बाकी अर्जात त्यानंतरचे आयुष्य दिसू द्या. कामांच्या नोंदींसाठी १५ जागा असतात. सैन्यात कॉर्प्समन किंवा मेडिक (सैनिकांवर उपचार करणारा) होता, तर तेही अभिमानाने लिहा. शेरा कोणताही असो, ज्याला तुम्ही टूर्निकेट (रक्तस्राव थांबवणारा पट्टा) बांधले तो रुग्ण खराच होता.

शिफारसपत्रांपैकी एक तरी अशा व्यक्तीचे असावे, जिला डिस्चार्ज माहीत आहे आणि तरीही ती तुमच्यासाठी लिहिते. एखादा जुना सार्जंट तयार असेल तर त्याच्या पत्राला मोठे वजन असते.

शेरा बदलून घेता येतो का

येतो, पण आपोआप नाही. सहा महिन्यांनी डिस्चार्ज आपोआप सुधारतो ही समजूत सैनिकांमध्ये फार जुनी आहे आणि ती खोटी आहे. अर्ज करावाच लागतो.

डिस्चार्जला १५ वर्षे झाली नसतील तर आपल्या दलाच्या डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे डीडी-२९३ हा फॉर्म भरता येतो. जनरल कोर्ट-मार्शलने दिलेला डिस्चार्ज हे बोर्ड तपासत नाही. १५ वर्षे उलटली असतील किंवा इथे नकार आला तर नोंदी दुरुस्त करणारे वरचे बोर्ड आहे. त्याचा फॉर्म डीडी-१४९. तिथली तीन वर्षांची मुदत न्यायाच्या दृष्टीने माफ होऊ शकते. रिव्ह्यू बोर्डाकडे आधी कागदांवर निर्णय मागावा आणि तो विरुद्ध गेला तर प्रत्यक्ष सुनावणी मागावी, असा क्रम ठेवा. सुनावणीपासून सुरुवात केली तर कागदी तपासणीची संधी हातची जाते.

आघातानंतरचा मानसिक त्रास म्हणजे पीटीएसडी, मेंदूची दुखापत, इतर मानसिक आजार, लैंगिक अत्याचार किंवा छळ यांचा संबंध असेल तर नियम बऱ्यापैकी उदार आहेत. संरक्षण खात्याने २०१४ मध्ये पीटीएसडीबाबत सूचना काढल्या आणि २०१७ मध्ये त्यांची व्याप्ती वाढवली. त्यानुसार बोर्ड चार गोष्टी पाहते : गैरवर्तनाची तीव्रता कमी ठरवेल असा आजार किंवा अनुभव होता का, तो सेवेच्या काळातला होता का, त्यामुळे त्या वर्तनाचा खरोखर उलगडा होतो का, आणि तो डिस्चार्जच्या कारणापेक्षा भारी ठरतो का. सैनिकाची स्वतःची साक्षही पुरावा म्हणून चालते. आपल्या घरांत मानसिक आजाराचे नाव काढायला संकोच वाटतो हे आम्ही जाणतो. इथे तो संकोच मुलाचे थेट नुकसान करतो.

केवळ समलिंगी असल्यामुळे ज्यांना काढले गेले, त्यांच्यासाठीही वाट मोकळी आहे. समलिंगींना उघडपणे सेवेत राहू न देण्याचे धोरण सप्टेंबर २०११ मध्ये संपले, आणि नंतर संरक्षण खात्याने स्वतःहून जुन्या नोंदी तपासून ८०० हून अधिक जणांचे शेरे सुधारले.

निर्णयाला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. म्हणून हे काम कॉलेजच्या अर्जाच्या बरेच आधी सुरू करा. मधेच शेरा बदलला तर नवीन डीडी-२१४ मिळतो, आणि तो लगेच कॉलेजांना कळवावा. यासाठी लॉ स्कूलच्या माजी सैनिक क्लिनिकमध्ये मोफत मदत मिळते. येल आणि हार्वर्ड येथे अशी क्लिनिक आहेत. हजारो डॉलर घेऊन ‘शंभर टक्के अपग्रेड’ची हमी देणाऱ्यांपासून दूर राहा.

पैसे आणि नागरिकत्व

‘पोस्ट-९/११ जीआय बिल’ या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी योजनेचा शिक्षणलाभ ऑनरेबल डिस्चार्जलाच मिळतो, ‘जनरल’ला नाही. तेव्हा फीचे गणित त्याशिवाय मांडा. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचे केंद्रीय कर्ज बंद आहे आणि मेडिकलसाठी केंद्रीय कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर आहे.

लष्करी सेवेमुळे नागरिकत्व मिळाले असेल आणि पाच वर्षांची ऑनरेबल सेवा पूर्ण होण्याआधी ‘अदर दॅन ऑनरेबल’ किंवा त्याखालचा शेरा आला असेल, तर ते नागरिकत्व काढून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. अशा कुटुंबाने सर्वांत आधी इमिग्रेशन वकिलाला भेटावे, मेडिकलचा अर्ज त्यानंतर.

आमच्याकडे येताना

पूर्ण डीडी-२१४, डिस्चार्जच्या कारवाईचे कागद, सर्व कॉलेजांच्या गुणपत्रिका आणि डिस्चार्जनंतर केलेल्या कामाची तारखांसह यादी आणा. अ‍ॅमकॅस मेच्या सुरुवातीला उघडतो आणि जागा भरत जातात तशा संपतात, म्हणून आदल्या हिवाळ्यात या. पहिली भेट विनामूल्य आहे. घटनेबद्दलचा पहिला अर्धा तास आम्ही उमेदवाराशी एकट्याशी बोलतो. आई-वडिलांनी त्या वेळी बाहेर थांबावे आणि त्याचा राग मानू नये.