घराच्या आवारातील झाडाची छाटणी: परवानगीसाठी अर्ज कसा करावा

आवारातील झाड आपण स्वतः लावलेले आणि वाढवलेले असले, तरी महाराष्ट्रातील महानगरपालिका व नगरपरिषदांच्या हद्दीत ते पालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 या कायद्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांत झाड जाळणे, कापणे आणि त्याला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे यांचाही समावेश आहे. त्यामुळे ‘फक्त फांद्याच तर काढल्या’ हा खुलासा पुरेसा ठरत नाही, आणि छाटणीच्या नावाखाली झाडाचा नुसता बुंधा उभा ठेवणे ही माझ्या मते तोडच आहे. ग्रामीण भागासाठी वृक्षतोड विनियमनाचा 1964 चा स्वतंत्र कायदा आहे. येथील माहिती शहरी भागापुरती आहे.

अर्ज पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे, उद्यान विभागात किंवा आपल्या प्रभाग कार्यालयात द्यावा. स्वतंत्र घर असल्यास जागेच्या मालकाने अर्ज करावा, आणि भाडेकरूने तो करण्याआधी मालकाचे संमतिपत्र घ्यावे. गृहनिर्माण सोसायटीच्या सामाईक जागेतील झाडासाठी अध्यक्ष किंवा सचिवांच्या सहीने अर्ज जावा व सोबत समितीच्या ठरावाची प्रत असावी. झाड दोन घरांच्या हद्दीवर असेल, तर शेजाऱ्यांचे ना हरकत पत्र आधीच घेतलेले बरे.

अर्जासोबत सामान्यतः जागेच्या मालकीचा पुरावा म्हणून मिळकत पत्रिका किंवा सातबारा उतारा, मालमत्ता कराची चालू पावती, ओळखपत्राची प्रत, झाडाची नेमकी जागा दाखवणारा स्थळदर्शक नकाशा आणि छायाचित्रे द्यावी लागतात. शुल्क व अर्जाचा नमुना प्रत्येक पालिकेचा वेगळा असल्याने तो तेथूनच घ्यावा.

खरे काम आहे ते कारणाच्या रकान्यात. ‘घरासमोरील झाडाच्या फांद्या वाढल्या आहेत, तरी छाटणीस परवानगी मिळावी’ एवढेच लिहिले, तर पाहणीला येणाऱ्या कर्मचाऱ्याला काहीच कळत नाही, आणि परवानगीही तितकीच मोघम निघाली तर ठेकेदार त्या मोघमपणाचा आधार घेऊन हवे तेवढे कापतो. त्याऐवजी ‘पश्चिमेच्या कुंपणालगत एक गुलमोहर असून त्याची गच्चीच्या पत्र्यावर टेकलेली एक फांदी व वीजतारेला लागणाऱ्या दोन फांद्या काढायच्या आहेत’ असे लिहावे आणि छायाचित्रात त्या फांद्यांवर खूण करावी. फांदी वाळलेली, पोखरलेली किंवा चिरलेली असल्यास तेही नोंदवावे.

अर्जानंतर स्थळपाहणी होते. त्या वेळी स्वतः हजर राहून फांद्या दाखवाव्यात. संपूर्ण झाड काढायचे असेल, तर प्रक्रिया लांबते: झाडावर सूचना लावली जाते, वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागवल्या जातात, आणि कायद्यानुसार अर्ज मिळाल्यापासून 60 दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. मृत, रोगट, वाऱ्याने पडलेले किंवा जीवितास व मालमत्तेस धोकादायक झालेले झाड असल्यास परवानगी नाकारली जात नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले जाते, म्हणून जुन्या वड-पिंपळाच्या बाबतीत वयाचा अंदाज अर्जात प्रामाणिकपणे द्यावा.

परवानगीपत्र हाती आल्यावर त्यातील फांद्यांची संख्या, अटी व मुदत नीट वाचावी आणि त्याची प्रत काम चालू असताना जागेवर ठेवावी. वीजतारा जवळ असतील, तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद झाल्याखेरीज कोणालाही झाडावर चढू देऊ नये. फांद्यांत घरटे आहे का, हे आधी पाहावे. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे, तेव्हा पिल्ले उडेपर्यंत काम पुढे ढकलावे.

ठेकेदाराशी बोलताना कापण्याची पद्धत आधी विचारावी. जाड फांदी एका घावात वरून कापली, तर ती आपल्याच वजनाने खाली येताना बुंध्याची साल लांबवर सोलून नेते. म्हणून बुंध्यापासून फूटभर अंतरावर आधी खालून अर्धवट काप, मग थोडे पुढे वरून काप आणि शेवटी उरलेला खुंट, असा क्रम असतो. फांदी जेथून फुटते तेथे सालीची फुगीर कड दिसते. शेवटचा काप त्या कडेच्या बाहेरून घ्यावा, कारण जखम भरून काढणारी वाढ तेथूनच सुरू होते. काम झाल्यावर त्याच कोनातून पुन्हा छायाचित्रे काढून परवानगीपत्रासोबत जपून ठेवावीत.