बिलातली सबसिडी आणि मीटरशेजारचा खटका

आपल्या बेटावरची वीज तारांवरून लांबून येत नाही, इथेच तयार होते. दिवसा सोलर पॅनेल बॅटऱ्या भरतात. रात्री त्या उतरल्या किंवा आभाळ दाटून राहिलं, की जनरेटर लावावा लागतो आणि खर्च तिथेच वाढतो. एक लिटर डिझेलमधून साधारण तीनच युनिट निघतात. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि रेडिएटरमधून वाया जाते. हजार वॅटची शेगडी तासभर चालली, की मोठा पेलाभर डिझेल संपलं. ते पिंपातून बोटीवर चढवायचं, धक्क्यावर उतरवायचं, खवळलेल्या समुद्राचे दिवस धरून साठाही ठेवायचा.

हा सगळा खर्च बिलात लावला, तर दिवा लावणंही परवडणार नाही. म्हणून खरा खर्च आणि तुमचा दर यांतला फरक सबसिडीतून भरला जातो. ही मेहेरबानी आहे असं कृपया समजू नका. फ्रान्समध्ये कोर्सिका बेटावरच्या घरांनाही मुख्य भूमीचाच दर लागतो. अलास्कातल्या दुर्गम गावांत घरगुती वापराला महिन्याला ठरावीक युनिटांपर्यंत सवलत मिळते, त्यापुढे पूर्ण दर.

सबसिडी युनिटांवर असते, लोडवर नाही. आमच्याकडे सर्वांत जास्त तक्रारी येतात त्या इथेच: "बिल भरलंय, मग खटका का पडतो?" युनिट म्हणजे महिनाभरात किती वीज वापरली. लोड म्हणजे या क्षणाला किती ओढताय. संध्याकाळी सात वाजता चार घरांत एकदम शेगड्या लागल्या, तर बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टर बंद पडतो आणि अख्खी वस्ती अंधारात जाते. तसं होऊ नये म्हणून मीटरशेजारी खटका असतो: घराचा लोड ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की तो पडतो आणि फक्त त्या घराची वीज तोडतो. स्कॉटलंडच्या एग बेटाने 2008 मध्ये पाणी, वारा आणि ऊन यांवर स्वतःची वीजव्यवस्था उभारली, तेव्हा घराला 5 किलोवॅट आणि व्यवसायाला 10 किलोवॅट ही मर्यादा सगळ्यांनी मिळून मान्य केली. शंभरेक माणसांच्या त्या बेटाला चोवीस तास वीज मिळू लागली ती तेव्हापासून.

म्हणून कळकळीने सांगतो, मीटरशेजारच्या खटक्याला तार जोडून बगल देऊ नका. त्याने शेजाऱ्याचा दिवा जातो, आणि तुमच्या घरातली वायर तापून आगही लागू शकते.

घर महिनाभर बंद असलं तरी स्थिर आकार येतो, तो बॅटऱ्यांसाठी. लेड-ॲसिड बॅटरी वरचेवर निम्म्याखाली उतरली, की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. तिला डिस्टिल्ड वॉटर वेळेवर लागतं, आणि ती बदलायची वेळ आली की पैसे हाताशी असावे लागतात.

पंप घ्यायचा असेल, तर विकत घेण्याआधी आम्हाला विचारा. साधी मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) लावला आणि टाकी दुपारी, ऊन भरपूर असताना भरली, तर बहुतेक वेळा लोड वाढवून घ्यायची गरजच पडत नाही.